न्हाणीघराच्या दाराची मोहीम

जें घडलें तेंच लिहिलें, पदरचें घातलें नाहीं, ऐसें वाचणारांनीं समजावें. ओहायो प्रांतीं, मौजे लायमा येथें, राजश्री व्हर्जिल हचिन्स, स्कूलबसचे माजी सारथी, सवलतीचे बहाद्दर सरदार, नांदत होते. त्यांचे शौचकूपासहित न्हाणीघराचें दार कुजलें, तें त्यांनीं उखडोन फेंकिलें, आणि मग घरसामानाचे दुकानावर चालोन गेले. तेथें कोपऱ्यांत एक दार निकालांत निघोन, पिवळी चिठ्ठी लेवोन उभें होतें. भाव निम्मा. दुसरा कोणी असता तर तेव्हांच घेऊन चालता होता. परंतु सरदार जाणते. त्या दुकानचा रिवाज ऐसा जे, किमतीचे अखेरीस सहा असलिया भाव आणखी उतरणार. तीन असलिया तो शेवटला, मग दुकानदार माल उचलोन नेणार. येथें सहा होता. मग सरदारांनीं दार सिमेंटचे गोण्यांआड दडविलें आणि रिक्तहस्तें परतले.

इकडे घरीं आकांत. सरदारांचें कुटुंब लोरीनबाई दाराचे जागीं चादर टांगोन, आंत कोणी आहे हें कळावें म्हणोन मोठ्यानें गात बसूं लागल्या. त्यांत थँक्सगिव्हिंगचे सणास बाईंची बहीण मॅक्सीन सहपरिवार येणार.

“माणसांच्या घरात दार असतं, व्हर्जिल!”

“अगं, सहावर कोण घेतं? तीन होऊ दे.”

“मग पाहुण्यांना काय सांगू? तीन होईपर्यंत दाबून धरा?”

सरदार ढळले नाहींत. सणाचे आदले दिवशीं आकडा तीन जाहला, आणि सरदार धांवले, तों दाराचें दुसरें टोंक शेजारी क्लाइड रेन्फ्रो, दंतवैद्य, यांचे हातीं. मग मोठी ओढाताण जाहली.

“सोड, क्लाइड. मी आधी पाहिलंय.”

“पाहिलंस? लपवलंस, लबाडा! गोण्या मीच हलवल्या.”

“घरात दार नाहीये रे माझ्या.”

“अख्ख्या गल्लीला माहीत आहे. लोरीनची गाणी आमच्या जेवणाच्या टेबलापर्यंत येतात.” ऐसें बोलोन क्लाइड ओशाळले आणि हात काढिला. “घे. तिच्यासाठी सोडतोय, तुझ्यासाठी नाही.”

मग सरदार विजयी मुद्रेनें घरीं आले आणि रातोरात दार बसविलें. दुसरे दिवशीं टर्की कापली गेली, सरदारांनीं भावाची कथा पाहुण्यांस दोनदां ऐकविली, आणि मॅक्सीनबाई उठोन आंत गेल्या. क्षणांत हाक आली:

“लोरीन, हे माझ्या गुडघ्यांवर आपटतंय!”

दार उलटे हाताचें निघालें; बिजागऱ्या भलते बाजूस, म्हणोन मिटतांना बैठकीवरील माणसाचे गुडघ्यांस अडे. निकालांत कां निघालें तें तेव्हां उमजलें. लोरीनबाईंनीं कोट चढविला आणि बहिणीस घेवोन क्लाइडचे घरीं गेल्या.

येणेंप्रमाणें फत्ते जाहली. दार शेवटचे भावांत हस्तगत जाहलें. तें उत्तम मिटतें. मात्र आंत कोणी नसावें.