म्हाळू आप्पांची डिकी

म्हाळू आप्पांच्या गाडीत मी कधी रिकाम्या मांडीनं बसलेलो नाही. कोबीचं पोतं, पाण्याची मोटर, कुणाच्या तरी मुंजीचा पाट असं काही ना काही मांडीवर असतंच. एकदा बोकड होता. त्यानं चौफुल्यापर्यंत माझी कॉलर चघळली आणि मी बाहेर बघत बसलो. भांडगावात आप्पांच्या शेजारी घर असलं की माणूस हळूहळू तक्रार करणं सोडून देतो.

गाडी म्हणजे ती त्या वेळी गल्लोगल्ली दिसायची तसली छोटी पांढरी. आप्पांनी ती पुण्याच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. डिकी अशी की दोन सुटकेसा ठेवल्या की झाकण कुरकुरायचं. डॉक्टरांनी तिच्यात बॅगेपलीकडे काही ठेवलं नसावं. आप्पांनी पहिल्याच आठवड्यात तिच्यात बाजरीची पोती, औषध फवारायचा पंप आणि बाजेचे चार पाय कोंबून दाखवले. बाजेचा सांगाडा टपावर बांधला.

मी म्हटलं, "आप्पा, टेम्पो करू या ना."

"जागा असती, गुरुजी. बघणारा पायजेल."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा शाळेत पोरांना बाकावर सरकवताना तेच माझ्या तोंडून निघालं. पोरं हसली. मला मात्र स्वतःची काळजी वाटली.

मला बरोबर न्यायचं कारणही सांगतो. गाडीला डावीकडचा आरसा नव्हता. आतला आरसा होता, पण मागची काच कायम पोत्यांनी झाकलेली. तेव्हा मागचं आणि डावीकडचं बघायचं काम माझं. "गुरुजी, डावीकडं?" असं आप्पांनी विचारलं की मांडीवरचं सामान सांभाळत मी मान बाहेर काढायची आणि "मोकळं आहे" म्हणायचं. रविवार माझ्या सुट्टीचा, आणि तो दर वेळी असा मान दुखवून जायचा.

आप्पांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तांडा, कोकणाच्या वाटेला लागायचा आणि सगळा संसार एका घोडीच्या पाठीवर. घोडी लादायचं काम बायकांचं. आप्पांची बायको भामाबाई त्यात एकदम तरबेज होत्या. वाकळा, पीठ, भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं आणि सगळ्यांच्या वर बसवलेला त्यांचा लहानगा मुलगा दत्ता. घोडी ओढ्यात उतरली तरी भांड्याला भांडं लागायचं नाही, असं आप्पा सांगतात. पुढं मेंढरं विकली, पाटाचं पाणी आलं, आप्पा शेतीला लागले. मग भामाबाई गेल्या. गाडी त्यांच्यानंतर आली, म्हणून ती भरायची पाळी आप्पांवर आली आणि ते त्यांच्याच नियमानं भरू लागले.

"दत्ताची आई म्हणायची, आधी लागतं ते शेवटी भरायचं. शेवटी लागतं ते तळाला. मुक्कामाला आधी चूल, म्हंजी तवा वर. झोपायचं शेवटी, म्हंजी वाकळ खाली."

नियम घोडीला बरोबर होता. पण स्टेपनी सगळ्यात शेवटी लागणार, असं आप्पांचं ठाम मत होतं. टायरचं मत निराळं असायचं. कांद्याच्या ढिगाऱ्यात, भर उन्हात, रस्त्याच्या कडेला उभा राहून मी स्टेपनी वर यायची वाट किती वेळा बघितली आहे, ते मोजत नाही.

दत्ता शिरूरला राहायचा, कंपनीत कामाला. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला होता, "आप्पा, एकटं कशाला ऱ्हाता? या की आमच्याकडं." आप्पांनी तेव्हा हात झटकला. "मला काय कराचंय तिथं?" पण पुढं बरेच दिवस संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन ते हाच विषय काढायचे. "दत्ता या म्हणला बरं का, गुरुजी. एकट्याला घर लई मोठं हुतंय." हातावर भाकरी भाजल्याचे डाग असायचे. माझी बायको कालवण द्यायची, ते डबा धुऊन परत आणायचे आणि परत तेच सांगायचे.

शेवटी एका रविवारी ते म्हणाले, "शिरूरला बाजरी टाकून येऊ."

मी बाहेर आलो तर गाडी भरून तयार. बाजरी, भुईमुगाच्या शेंगा, कांदे, तुपाची बरणी, गूळ. आणि माझ्या मांडीसाठी लाल भोपळा. न्हावऱ्यापर्यंत भोपळा, तिथून पुढं भोपळा आणि वांग्यांची पिशवी. आप्पा मात्र खुशीत होते. टोपी नवी होती.

दत्ताची खोली वरच्या मजल्यावर. एकच खोली, कोपऱ्यात ओटा. कॉट, कपाट, टीव्ही, आणि मधोमध छताच्या कडीला टांगलेल्या झोळीत तान्ही नात. सून सुनीता चांगली मुलगी. तिनं आम्हाला बघून पटकन कॉटवरचे कपडे उचलले आणि चहा टाकला.

आप्पांच्या अंगात मात्र आलं. "जागा असती!" म्हणत त्यांनी खोली भरायला घेतली. बाजरी कॉटखाली. शेंगा कपाटावर. कांदे दाराच्या मागं. गुळाची ढेप टीव्हीच्या पाठीमागं. भोपळा झोळीखाली, "नातीची राखण करंल." मी पायऱ्या चढत होतो, उतरत होतो, आणि घोडी व्हायचं ते माझ्याच नशिबी का, असा विचार करत होतो.

सुनीता हसून हसून बेजार झाली. म्हणाली, "आप्पा, आता आम्ही झोपायचं कुठं?"

दत्ता हसला. मीही हसलो. आप्पाही हसले, पण हसता हसता त्यांनी खाली फरशीकडं बघितलं. मग कॉटखाली बघितलं, दारामागं बघितलं. परत फरशीकडं.

"डिकी लावून येतो," म्हणून ते खाली गेले. गॅलरीतून मला दिसले. उघड्या डिकीत हात घालून ते जरा वेळ तसेच वाकून उभे राहिले. मग हात बाहेर काढून त्यांनी झाकण लावलं.

वर येऊन म्हणाले, "निघतो. उसाला पानी द्याचंय."

"आप्पा, ऱ्हावा की आजच्याला," दत्ता म्हणाला. मनापासून म्हणाला. सुनीतानं पीठही काढलं होतं.

"फुडच्या येळंला."

परतीला गाडी मोकळी होती. आतल्या आरशात मागचा अख्खा रस्ता दिसत होता आणि माझ्या हाताला काही काम नव्हतं. पाय लांब करता येत होते, तरी मला नीट बसवेना. भीमेचा पूल ओलांडला आणि टायर बसला.

स्टेपनीसाठी मी डिकी उघडली. रिकाम्या डिकीत, स्टेपनीवर, सुतळीनं बांधलेली एक वळकटी होती. भामाबाईंनी शिवलेली वाकळ, तिच्या घडीत धोतरं, दाढीचं सामान, पितळी तांब्या. सगळ्यात शेवटी उतरवायची म्हणून सगळ्यात खाली ठेवलेली.

"आप्पा, माघारी फिरू या. दत्ताला माहीत तरी आहे का? तो नाही म्हणणार नाही."

"त्यो कशाला न्हाई म्हनंल?" आप्पा जॅक फिरवत राहिले. "म्याच बघितलं की. समदं बसवलं, गुरुजी. मानूस तेवढं बसंना."

टायर बदलून झाला. त्यांनी धोतराला हात पुसले.

"दत्ताची आई असती, तर तिनं मानूसबी बसिवलं असतं."

त्यांनी वळकटी उचलली आणि पुन्हा डिकीत ठेवायला घेतली. मी गाडीत जाऊन बसलो होतो. खिडकीतून हात बाहेर काढला.

"आप्पा, ती इकडं द्या."

"डिकी मोकळी हाय की आता."

"असू द्या. द्या इकडं."

त्यांनी दिली. भांडगाव येईपर्यंत ती माझ्या मांडीवर होती. पायाला मुंग्या आल्या, पण मी ती खाली ठेवली नाही.