लीलाजिजींची घडी

लीलाजिजींच्या हातात लग्नाची पत्रिका दिली, की त्या ती आधी वाचत नाहीत. मधोमध घडी घालतात आणि कडेला कड लागते का ते बघतात. लागली, तर नवरानवरीची नावं विचारतात. नाही लागली, तर "छापणाऱ्यानं घाई केली" म्हणून पत्रिका मशीनच्या खणात टाकतात. विजेचं बिल, शाळेची चिठ्ठी, ताटातली पोळी, सगळ्यांना हाच न्याय. घडी घातल्यावर जो भाग बाहेर डोकावतो, त्याला त्या 'कान' म्हणतात. जगात कान असलेल्या वस्तू फार झाल्यात, ही त्यांची जुनी तक्रार.

जिजी मूळच्या अमळनेरकडच्या. नवरा पलसाण्याला कपडा रंगवायच्या कारखान्यात, आणि जिजी इथे गुजरातेत, उधन्यात, आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर ब्लाऊज शिवतात. मी त्यांच्या वर राहते आणि मराठी शाळेत पाचवीला गणित शिकवते. त्या मला 'मॅडम' म्हणतात आणि 'तू' करतात.

आमची खरी ओळख आयतावरून झाली. वीज गेली होती, म्हणून मी त्यांच्या ओट्यावर बसून पेपर तपासत होते. प्रश्न होता, आयताला सममितीचे अक्ष किती? एका मुलीनं 'चार' लिहून दोन तिरप्या रेघाही मारल्या होत्या. मी घाईत बरोबरची खूण केली. जिजी मागून बघत होत्या.

"मॅडम, ह्या रेघा कशाच्या?"

"घडी घातली की दोन्ही भाग तंतोतंत जुळतात, ती रेघ."

"मंग तिरप्या कशा मारल्या?" त्यांनी माझ्याच हातातला कोरा कागद घेतला, तिरप्या रेघेवरून दुमडून दाबला. "हे पाह्य. दोन कान बाहेर."

मी खूण खोडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी चिंध्यांमधून मला सगळे आकार कापून दिले आणि वर्गात काय सांगायचं तेही पढवलं. "चौरसाच्या चार घड्या. लांबट चौकोनाच्या दोनच, उभी अन् आडवी. तिन्ही बाजू सारख्या, त्या त्रिकोनाच्या तीन. दोनच सारख्या, त्याची एक. गोल काय, कुठूनबी घाला."

समांतरभुज चौकोन मात्र त्यांच्या जिव्हारी लागला. तो तिरका तुकडा त्यांनी उभा, आडवा, कोपऱ्यातून, सगळीकडून दुमडला. आत डाळ करपली तरी उठल्या नाहीत. "समोरासमोर सगळं सारखं शे, अन् घडी एकबी नही!" आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला तो तुकडा देऊन 'घाल बरं याची घडी' म्हणत होत्या. समोरच्या गुजराती काकींनी शेवटी हात जोडून आपलं ब्लाऊज मागितलं. "लीलाबेन, मारू ब्लाऊज आपो ने."

माणसांच्या बाबतीत जिजींचं मत असं, की माणसाला एकच घडी, नाकावरून उभी, आणि तीही कोणाची नीट बसत नाही. हे त्या माप घेता घेता सांगत. दार सताड उघडं आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. "तुन्हा डावा खांदा खाले शे! पाणी कोणत्या हातानं भरतीस?" कोणाची कंबर कुठे वाढली, कोणाचा दंड जाड झाला, हे सगळं गल्लीला ब्लाऊज शिवून होण्याआधी कळायचं.

म्हणूनच ऑपरेशननंतर मी जिजींना टाळत होते.

माझा डावा स्तन काढला होता. बिल्डिंगमध्ये आम्ही 'गाठीचं ऑपरेशन' एवढंच सांगितलं होतं. उपचार संपले, शाळा सुरू व्हायला पंधरा दिवस उरले, आणि जुनं एकही ब्लाऊज अंगाला लागेना. एका बाजूनं कापड लोंबायचं, काखेत मात्र घट्ट. मी ऐन उकाड्यात दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन फिरायचे. अनोळखी शिंपी बरा, म्हणून भेस्तानला गेले. दुकानात चार बायका आधीच बसल्या होत्या. पायरीवरूनच परत आले.

शेवटी एका दुपारी, गल्ली झोपलेली असताना, जिजींच्या दारात उभी राहिले. पदर खाली घेतला.

जिजींनी बघितलं. उठल्या आणि दार लावलं. त्या घराचं दार दिवसा लागलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मग टेप घेऊन मापं घेतली, उजवीकडची वेगळी, डावीकडची वेगळी. सगळं झाल्यावर हळूच विचारलं, "हात कुठवर जातो?"

"खांद्याच्या थोडा वर."

"फळ्यावर लिहाचं ऱ्हातं तुले. बाहीचा मुंढा सैल ठेवते. हात सुजला तरी काचणार नही."

कापड त्यांनी माझ्यासमोरच बेतलं. जमिनीवर सगळं उलगडून, घडी न घालता, एकपदरी. आधी एक बाजू कापली, मग दुसरी.

चार दिवसांनी जिजींकडेच, दार लावून, ब्लाऊज घालून पाहिलं. डावीकडे आतून एक खिसा होता आणि त्यात मलमलची मऊ, गोल पिशवी. मी आरशासमोर सरळ उभी राहिले, मग वाकले, मग हात वर केला. पिशवी जागची हलली नाही.

"नुसता कापूस वर चढतो," जिजी म्हणाल्या. "म्हणून आत मोहरी टाकली, वजनाले. धुताना काढी ठेव, नहीतर मोड येतील."

मी हसले. कित्येक महिन्यांनी. मग एकदम लक्षात आलं. "जिजी, हे तुम्हाला कसं माहीत?"

"तू चौथी शेस."

"चौथी? बाकीच्या कोण?"

जिजींनी बाहीचा दोरा दातानं तोडला. "हूक पुढूनच लावले शेत. हात मागं न्यावा लागणार नही." मग उठून दार उघडलं आणि ओट्यावर बसलेल्या कोणालातरी मोठ्यानं विचारलं, "अव, भाजीवाला गेला का व?"

संध्याकाळी मी भाजीच्या गाडीपाशी उभी होते. बिल्डिंगमधल्या, शेजारच्या गल्लीतल्या दहाबारा बायका वांगी निवडत होत्या. सगळ्यांची ब्लाऊजं जिजींनीच शिवलेली. मी एकेकीकडे नीट बघत राहिले. त्या तिघींपैकी मला एकही ओळखता आली नाही.