कुंडावरचं तोंड

मुलांनो, एक जंगल होतं आणि त्या जंगलाच्या खाडीकडच्या टोकाला एक चर्च होतं. जंगलात चर्च कसं, असं विचारू नका. कुणीतरी कधीतरी बांधलं आणि मग ते तिथंच राहिलं.

चर्च लहान होतं, कौलारू होतं. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला एक दगडी कुंड. जाड खांबावर बसवलेलं, घंगाळाएवढं. कडेनं द्राक्षाचा वेल कोरलेला, वेलात मासे, आणि मधोमध एक तोंड. कुठल्या प्राण्याचं, ते सांगता येत नव्हतं. शेकडो वर्षं बाळांच्या ओल्या पायांनी आणि आयांच्या हातांनी त्याचे नाक-डोळे झिजून गेले होते. जंगलातल्या प्रत्येक बाळाचा बाप्तिस्मा याच कुंडावर व्हायचा. डोक्यावर पाणी पडायचं, नाव मिळायचं, बाळ रडायचं आणि सगळे जेवायला जायचे. तोंड कुणाचं, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता, कारण जेवण गरम असायचं.

त्या जंगलात रेमेत नावाची साळिंदरीण राहत होती. तिला पहिलाच मुलगा झाला. साळिंदराचं पोर जन्मतं तेव्हा त्याचे काटे मक्याच्या केसांसारखे मऊ असतात. पुढं ते कडक होतात आणि मग त्याला कुणी कडेवर घेत नाही. म्हणून साळिंदरांच्या घरात बाप्तिस्म्याची घाई असते. बाळाला कुंडावर धरायचं ते मादरीननं, म्हणजे धर्माच्या आईनं. रेमेतनं त्यासाठी शेजारच्या बिळातल्या कांतन सशिणीला विचारलं होतं. कांतन अंगानं मऊ आणि स्वभावानं भित्री, पण मैत्रिणीला नाही म्हणणं तिला जमत नसे.

आणखी एक गोष्ट. जंगलात बिननावाचं पोर बिळाबाहेर सोडता येत नाही. वर घार दिसली तर आई हाक काय मारणार? त्यामुळं रेमेत दिवसभर बिळाच्या तोंडाशी आडवी बसायची आणि पोर तिच्या पाठीमागून बाहेर यायला धडपडायचं.

रविवारी दोघी बाळाला घेऊन चर्चमध्ये गेल्या, तर कुंडाभोवती वेल बांधून अडवलेलं आणि ही गर्दी.

झालं होतं असं की, पलीकडच्या जंगलातून एक प्राध्यापक आले होते. ते ऊदमांजर होते. त्यांनी कुंडाभोवती फेऱ्या मारल्या, दगडाचा वास घेतला आणि सांगितलं की कुंड फार प्राचीन आहे, आणि हे तोंड ज्याचं, तोच या जंगलाचा मूळ रहिवासी. एवढं बोलून ते पेरू खायला बसले.

झालं. दुमिंग रानडुकराचं म्हणणं पडलं की नाक सपाट आहे, म्हणजे डुक्करच. जुझे बिबट्याला दगडावरचे खड्डे ठिपके वाटले. माकडांना तर शेपूट दिसलं, जे दगडावर कुठंच नव्हतं. समिती नेमली गेली. समितीनं ठरवलं की निकाल लागेपर्यंत कुंडाला पाणी लावायचं नाही, कारण पाण्यानं पुरावा झिजतो.

फादर बस्त्याव करकोचा होते. काळा झगा आणि पांढरा गळा त्यांना जन्मतःच मिळाला होता, त्यामुळं दुसरं काही होणं त्यांच्या नशिबात नव्हतं. स्वभाव गरीब. पुढच्या रविवारी बघू, असं त्यांनी रेमेतला हळूच सांगितलं. समितीचा सल्ला असा की तोवर करवंटीत पाणी घेऊन उरकून टाका. रेमेत काही तयार झाली नाही. तिचा, तिच्या आईचा, आजीचा बाप्तिस्मा याच दगडावर झाला होता. आणि करवंटीत मी चटणी ठेवते, असं ती म्हणाली.

पुढचा रविवार आला. वाद तसाच. मग रेमेतनं वाद मिटवायचा प्रयत्न करून पाहिला. ती दुमिंगला आणि जुझेला गोडीत म्हणाली की, अहो, कोरणाऱ्यानं आपलं सहज एक तोंड कोरलं असेल, ते कुणाचंच नसेल. हे ऐकून दोघं पहिल्यांदाच एक झाले आणि तिच्यावर गुरगुरले. म्हणजे साळिंदराचं आहे असं म्हणायचंय का, असं त्यांनी तिला विचारलं. लगेच माकडांनीही तिच्याकडं संशयानं पाहिलं. रेमेत पोराला घेऊन घरी आली.

दिवस जात होते. बाळाच्या पाठीवरचे केस आता झाडूच्या काड्यांसारखे झाले होते. कांतन रोज येऊन ते पंजानं चाचपून बघायची आणि काही न बोलता परत जायची. एका संध्याकाळी मात्र ती बोलली. "रेमेत, मी धरीन गं. पण या रविवारी धरीन. त्याच्यापुढचं मला नाही सांगता येत."

त्या रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दुमिंग सुळे घासत होता, जुझे पंजे ताणत होता, आणि दोघांच्या मध्ये फादर एका पायावर उभे होते. रेमेत बाकावर चढली. तिनं काटे खडखड वाजवले तेव्हा सगळे गप्प झाले.

ती म्हणाली, "एवढा मोठा प्रश्न, आणि एवढ्याशा जागेत? मागच्यांना तर काही ऐकूच येत नाही. अशा सभेला वडाखालचं मैदान पाहिजे."

जुझे नको म्हणेल असं वाटून दुमिंग आधीच हो म्हणाला. जुझे म्हणाला की ही कल्पना मुळात माझीच. वडाची फळं पिकलीत का, एवढंच प्राध्यापकांनी विचारलं. पिकली होती. माकडं पुढची फांदी धरायला पळाली, तशी त्यांच्या मागं बाकीची जनावरं पळाली. कुणी मागं थांबेना, कारण थांबलं तर आपल्याशिवाय निकाल लागायचा. बघता बघता चर्च रिकामं झालं.

मागं राहिले फादर, कांतन, रेमेत आणि पोर. फादरांनी बांधलेल्या वेलीकडं पाहिलं. समिती काय म्हणेल, अशी काळजी त्यांनी बोलून दाखवली.

"फादर, हे कुंड कशासाठी केलंय?" रेमेतनं विचारलं.

फादरांनी मान लांब करून कुंडात डोकावलं. "पाण्यासाठी," ते म्हणाले, आणि लांब टांग टाकून वेलीपलीकडं गेले.

कांतननं डोळे मिटले, कान पाठीला चिकटवले आणि बाळाला छातीशी घेतलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं पोर सोडलं नाही. फादरांनी चोचीनं पाणी ओतलं. पोर दचकलं, सगळे काटे ताठ झाले, आणि त्यातला एक फादरांच्या पायात शिरला. नाव ठरलं होतं पास्कू. फादरांच्या तोंडून निघालं, "पास्कू... ई."

पाण्याबरोबर पडलेलं नाव बदलता येत नाही. पोराचं नाव पास्कुई राहिलं.

मग दोघी मैत्रिणी पायरीवर बसल्या. कांतनच्या छातीत रुतलेले काटे रेमेतनं दातांनी एकेक करून काढले. पास्कुई अंगणात इकडून तिकडं धावत होता आणि हाक मारली की ओ देत होता. नंतर सगळे जेवले. फादरांनी लंगडत वाढून घेतलं.

वडाखालची सभा, मुलांनो, अजून चालू आहे. तिच्या पोटसमित्या झाल्या आहेत. वटवाघळांनीही दावा लावला आहे आणि ती दिवसा झोपतात म्हणून त्यांच्यासाठी वेगळी बैठक असते. तोंड बघायला मात्र कुणी येत नाही. ते कसं आहे हे सगळ्यांना आता पाठ आहे.

एका रविवारी चर्चच्या मागच्या दारानं जुझेची बायको आत आली. तिच्या तोंडात एक पिल्लू होतं आणि एक मागून चालत होतं. "ते सभेला गेलेत, फादर," ती म्हणाली. "तेवढ्यात उरकून घ्या."

तिच्या मागं दुमिंगची बायको अख्खं वेत घेऊन उभी होती. रांग पुढं सरकेपर्यंत दोघींच्या दुधाच्या आणि दातांच्या गोष्टी चालल्या होत्या. डुकराची पिल्लं कुंडावर चढायला उतावीळ झाली होती. चढताना प्रत्येकानं त्या तोंडाच्या नाकावर पाय दिला.

तात्पर्य: भांडण मिटवायच्या फंदात कधी पडू नये. त्याला मोठं मैदान द्यावं, सावली द्यावी, फळांची सोय करावी. म्हणजे घरात बाळांना न्हाऊ घालायला जागा होते.