पंचेचाळीस अंशांची गळती

कोलशेतच्या ऐश्वर्यलहर सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या मागच्या भिंतीवरचा सांडपाण्याचा पाइप पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधोमध गळू लागला, ही बाब तशी गंभीर नव्हती. पाइप गळतातच. गंभीर बाब अशी, की गोपीनाथ भोईर यांनी ती लेखी कळवली.

गोपीनाथराव रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बासष्ट वर्षांचे, नोटीस बोर्ड वाचून मगच लिफ्टमध्ये शिरणारे गृहस्थ. एकशे तीनमध्ये बायको शालू आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई हौसाबाई यांच्यासोबत राहत. इमारत उभी आहे तिथे पूर्वी भोईरांचं शेत आणि त्याला लागून मिठागर होतं. म्हणजे संस्थेचे उरलेले एकोणसाठ सभासद भोईरांच्या जमिनीवर राहत होते, आणि भोईर संस्थेच्या परवानगीने.

गळणारं पाणी ज्या भिंतीत मुरत होतं, तिच्या आतल्या बाजूला हौसाबाईंची खाट होती, आणि खाटेच्या वर पंख्यादिव्याचा स्विचबोर्ड. भिंत आधी ओलसर झाली, मग हिरवट झाली, मग तिचे पोपडे अंथरुणावर पडू लागले. तेव्हा गोपीनाथरावांनी अर्ज लिहिला.

संस्थेचे सचिव ऋतुराज साळसकर दिवसा कुठल्याशा कंपनीत प्रोसेस सांभाळत आणि संध्याकाळी तीच प्रोसेस संस्थेत आणून सोडत. अर्ज दोनदा वाचून त्यांनी विचारलं, "काका, उभा पाइप गळतोय की आडवा?"

"जो गळतोय तो."

"असं नाही चालत ना काका. उभा पाइप सोसायटीचा. आडवा ज्याच्या फ्लॅटमधून निघतो त्या मेंबरचा. उभा असेल तर आम्ही करणार, आडवा असेल तर तुमच्या वरच्या कल्पिता मॅडम करणार. एकदम क्लिअर आहे."

दोघे मागे जाऊन बघून आले. उभा पाइप कोरडा ठणठणीत होता. कल्पिताच्या स्वयंपाकघरातून निघणारा आडवा पाइपही कोरडा होता. गळत होता तो दोघांना जोडणारा तिरका तुकडा, ज्याला प्लंबर लोक एल्बो म्हणतात. साळसकरांच्या चेहऱ्यावर एक शांत तेज पसरलं. अशा एखाद्या प्रकरणाच्या आशेवरच माणसं सचिव होतात.

लगोलग पाच जणांची एल्बो उपसमिती नेमण्यात आली. पहिल्या रविवारी समितीने पंचनामा केला: गळती, मिनिटाला सव्वीस थेंब. दुसऱ्या रविवारी कल्पिताच्या शाळकरी लेकीच्या, सान्वीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन वॉचमनला शिडीवर चढवण्यात आलं. कोन पंचेचाळीस अंश भरला. वॉचमनच थोडा कललेला होता, असा आक्षेप एका सदस्याने घेतल्यामुळे तिसऱ्या रविवारी फक्त पोहे झाले आणि तांत्रिक सल्लागार नेमायचं ठरलं. सल्लागारांनी लेसरचं यंत्र आणलं, दोन महिने घेतले आणि अडतीस पानांचा रंगीत अहवाल दिला. त्याचा निष्कर्ष असा: "सदर तुकडा जितका उभ्याकडे झुकतो तितकाच आडव्याकडेही झुकत असल्याने त्याच्या मालकीबाबत अधिक अभ्यास आवश्यक आहे."

अभ्यास चालू असतानाच एके सकाळी हौसाबाई पंखा लावायला गेल्या आणि झटका बसून खाटेवर आदळल्या.

"आंगान मुंग्या आल्या रं गोपी," त्या म्हणाल्या. "भिंत चावते."

इलेक्ट्रिशियन येऊन भिंतीला हात न लावता परत गेला. ओल थांबल्याशिवाय बोर्ड बदलूनही उपयोग नाही, म्हणाला. हौसाबाईंना हॉलमध्ये झोपायला सांगितलं तर त्या ऐकेनात. खाटेजवळच्या खिडकीतून त्यांच्या मिठागराची जागा दिसे, म्हणजे आता तिथे उभं असलेलं पार्किंग दिसे. शेवटी शालूने एक लाकडी लाटणं खाटेजवळ टांगलं. पंखा लाटण्याने लावायचा, दिवा लाटण्याने घालवायचा.

गोपीनाथरावांनी दुसरा अर्ज दिला. वर लाल शाईने लिहिलं: तातडीचे. जिवाला धोका.

"काका, लाटण्याने पंखा लागतोय ना?" साळसकरांनी विचारलं.

"लागतोय."

"म्हणजे पर्यायी व्यवस्था आहे. मग इमर्जन्सीमध्ये नाही बसत हे." आणि अर्जावर तसा शेरा मारून त्यांनी तो फाइलला लावला.

घरी आल्यावर गोपीनाथराव तिसऱ्या अर्जाचा मसुदा करायला बसले. हौसाबाई बराच वेळ बघत होत्या. "कनाला रं एवरं कागुद? मिठागराचा बांद फुटला का आमी आदी चिखोल टाकत व्हतो. कोनाचा बांद त मंग इचारत व्हतो."

"आई, तेव्हा सोसायटी नव्हती."

"म्हनून त मीठ पिकलं."

शालू म्हणाली, "अहो, आई बोलतायत ते खरंय. बोलवा एखादा प्लंबर. कोण बघतंय मागच्या बाजूला?"

माजिवड्याहून प्रीतम नावाचा प्लंबर आला. शिडी लावली, जुना एल्बो कापला, नवा बसवला, आणि अकरा मिनिटांत खाली उतरून चहा मागितला. चार महिन्यांचा अभ्यास अकरा मिनिटांत बुडाला. आठवड्याभरात भिंत सुकली, इलेक्ट्रिशियनने बोर्ड बदलला. हौसाबाईंनी पंखा बोटाने लावला. बंद केला. पुन्हा लावला. दुपारभर त्यांचं तेवढंच चाललं होतं.

नवव्या दिवशी नोटीस आली. आरोप तीन होते. एक, विनापरवाना दुरुस्ती. दोन, विचाराधीन प्रकरणातील पुरावा नष्ट करणे. तीन, नवीन एल्बो जुन्यापेक्षा किंचित उभा बसवून वादाचा कोन बदलणे. खाली आदेश: "सात दिवसांत गळती पूर्ववत करून द्यावी, अन्यथा आपल्या सभासदत्वाबाबत कार्यवाही करण्यात येईल."

"अरे ऋतुराज, गळती बंद झाली," गोपीनाथराव काकुळतीने म्हणाले. "आता भांडण कशाचं?"

"तेच तर ना काका! भांडण चालूच आहे आणि गळती बंद. समितीने आता अभ्यास कशाचा करायचा? आणि काका, पर्सनली मी तुमच्याच बाजूने आहे हं."

कारखान्यात अडतीस वर्षं नोटिशींखाली 'वाचले' म्हणून सही केलेला माणूस. त्याने रात्रभर कूस बदलली आणि सकाळी प्रीतमला फोन लावला.

प्रीतमला आधी वाटलं, काका चेष्टा करतायत. "काका, मी लिकेज बंद करतो. चालू करायची ऑर्डर आपल्याकडे नाय येत. म्हणजे चालू होतं, पण आपोआप होतं. सहा महिने थांबा ना, माझंच काम आहे, होईल."

"सात दिवसांत पाहिजे."

"मग भोक पाडायला लागेल."

रविवारी सकाळी दहा वाजता गळतीचा पुनःस्थापना कार्यक्रम झाला. उपसमिती खुर्च्या टाकून बसली होती. वर कल्पिताने ठरल्याप्रमाणे नळ अर्धा सोडला होता. प्रीतमने ड्रिल मारलं, साळसकरांनी मोबाइलवर वेळ लावली. मिनिटाला एकतीस थेंब पडले.

"पाच थेंब जादा," साळसकर गंभीरपणे म्हणाले. "ही वाढीव गळती खासगी धरावी लागेल."

प्रीतमने भोकात काडेपेटीची काडी खोचली. चोवीस. काडी अर्धी मोडली. सव्वीस. टाळ्या पडल्या. काहींनी व्हिडिओ काढला. खिडकीत बसलेल्या हौसाबाई हे सगळं डोळे बारीक करून पाहत होत्या. "येरा झालाय काय सगला गाव?" त्यांनी शालूला विचारलं. शालूने लाटणं पुन्हा टांगलं.

चौथ्या दिवशी भिंत ओली झाली. सहाव्या दिवशी हौसाबाईंच्या हातून लाटणं निसटलं आणि बोट बोर्डाला लागलं. या वेळी डॉक्टरांना बोलवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, तिसरा झटका हृदयाला झेपायचा नाही.

आता मात्र साळसकरांनाही वाईट वाटलं. त्यांनी स्वतः नियमांचं पुस्तक काढलं आणि मार्ग दाखवला. एक पंचमांश सभासदांनी, म्हणजे बारा जणांनी सह्या करून विशेष सभा मागितली, तर सभा एका ठरावात पाइप दुरुस्त करू शकते. उभा, आडवा, तिरका, कसाही. गोपीनाथराव तक्रारदार असल्याने त्यांची सही धरता येणार नाही. पण बारा सह्या म्हणजे काय, एका संध्याकाळचं काम.

गोपीनाथराव अर्ज घेऊन सातव्या मजल्यापासून खाली उतरू लागले. एकही दार तोंडावर बंद झालं नाही. प्रत्येक घरी पाणी विचारलं, तीन घरी चहा झाला. सगळ्यांनी आजींची चौकशी केली, सगळ्यांनी समितीला शिव्या घातल्या. मग कागद हातात घेतला आणि वरची रिकामी ओळ पाहिली.

"अजून कोणाचीच नाही?"

"तुमच्यापासून सुरुवात करतोय."

"अरे वा. नाही, करणारच आहे मी. माझी धरूनच चाला. फक्त आधी एखादी होऊ दे. पहिलं नाव असलं की उगाच लीडर वाटतो ना माणूस."

सहाव्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ म्हणाले, पहिली तीन झाली की चौथी माझी. पाचव्या मजल्यावरच्या निशाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने टीव्हीकडे. चौथ्यावरचे एकजण पेन्सिलीने करायला तयार होते. दुसऱ्यावर कल्पिताने त्यांना बसवून घेतलं आणि खरोखर डोळ्यांत पाणी आणलं. "काका, माझ्याच सिंकचं पाणी आजींच्या भिंतीत जातंय, मला झोप लागत नाही. पण माझी सही पहिली आली तर पाइप आडवा ठरेल ना. बारावी मी करते. प्रॉमिस."

गोपीनाथरावांनी एक युक्ती केली. पहिली ओळ मोकळी सोडून ते दुसऱ्या ओळीवर सह्या मागू लागले. तर लोक विचारू लागले, पहिला मागे का हटला?

कागद कोराच घरी आला. हौसाबाईंनी तो मागून घेतला, चष्मा लावला, आणि पहिल्या ओळीवर एकेक अक्षर कोरत सही केली. सत्तरीत प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही. त्याआधी त्या अंगठा देत. त्याच अंगठ्यावर बिल्डरला शेत मिळालं होतं आणि ही सात मजली इमारत उभी राहिली होती.

साळसकरांनी सही कौतुकाने पाहिली. "किती सुंदर अक्षर आहे आजींचं! पण काका, त्या मेंबर नाहीत. आणि आता सभासद नसलेल्याची सही पडल्यामुळे हा फॉर्मच बाद झाला. मी नवीन देतो, काळजी करू नका."

त्याच शनिवारी हौसाबाईंना लेकीकडे कल्याणला नेण्यात आलं. चौऱ्याऐंशी वर्षांत कोलशेत सोडून त्या कुठे राहायला गेल्या नव्हत्या. रिक्षात बसताना त्यांनी इमारतीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या खालच्या जमिनीकडे पाहत होत्या. सोसायटीच्या ग्रुपवर सत्तेचाळीस जणांनी हात जोडले, अकरा जणांनी हृदय टाकलं. सोमवारी संस्थेचं पत्र आलं: "बाधित व्यक्ती सदर जागेत राहत नसल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत."

गोपीनाथरावांनी तरीही नवा फॉर्म वॉचमनच्या टेबलावर ठेवला आहे. पेन दोरीने बांधून ठेवलंय. आईला परत आणायचं तर दुसरा रस्ता नाही. येता-जाता लोक थांबतात, मजकूर वाचतात, मान डोलावतात. दुसरीपासून बारावीपर्यंतच्या अकराही ओळी तोंडी भरून झाल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, आम्ही तिथे असतो तर पहिली सही आम्हीच केली असती. पण आम्ही कुठे त्या संस्थेचे सभासद? अगदी बरोबर आहे. तुमच्या गेटवरच्या टेबलावर जो कागद महिनाभर पडून आहे, तो वेगळ्या पाइपचा आहे.