गफूरचाचांची बेगम

गफूरचाचांच्या बेगमला ऊन चालत नाही. वारा चालतो, पण थेट अंगावर आलेला नाही. टँकरचं पाणी तर तिला हमखास बाधतं. म्हणून तिच्यासाठी जार येतो आणि टँकरचं पाणी चाचा स्वतः पितात.

लातुरात त्यांच्यासमोर राहायला आलो तेव्हा हे सगळं ऐकून माझी बायको बेगमसाठी वाटीभर सांजा घेऊन गेली. चाचांनी तो चवीनं संपवला आणि मग खिडकीतली कुंडी दाखवली. लालसर, केसाळ पानांचा बेगोनिया! बायको त्या साजूक तुपाबद्दल अजून हळहळते.

"चाचा, बेगोनिया म्हणतात त्याला," मी विद्वत्ता पाजळली.

"हाव, तेच म्हणून राहिलो. बेगम."

चाचा जुने टेलर. बेगमच्या खिडकीला त्यांनी अस्तराचा पडदा शिवलाय, झालरीसकट. घरातला एकुलता एक कूलर तिच्या खोलीत. पाहुण्यानं पुठ्ठ्यानं वारा घ्यायचा, आणि पानाला बोट लावायचं नाही. "तिला न्हाई आवडत."

यंदा मे महिन्यात बेगमचा देठ बुडाशी मऊ पडला. चाचांचं जेवणावरून मन उडालं. त्यातच हदगावला भाच्याचं लग्न. चाचांनी फोन केला, "बेगम बीमार है. आना नहीं होता," आणि ठेवून दिला.

आता चाची जाऊन दोन वर्षं झालेली. दुसऱ्या दिवशी दारात जीप उभी! चाचांनी गुपचूप केलेली नवी बायको बघायला अख्खं हदगाव उतरलं होतं. एका मामीनं तर, असू द्यावी म्हणून, साडीही आणली होती. सगळ्यांच्या पुढं चाचीची धाकटी बहीण, रागानं लाल.

"किधर है वो?"

चाचांनी पडदा सरकवला. बहीण बघतच राहिली. बेगोनियाचं एक पान चाचीनं तिच्याकडूनच रुमालात गुंडाळून नेलं होतं, त्याचं हे झाड.

"जिंदगीभर आपा को 'ए, सुन' बोले तुम," ती म्हणाली, "और इस गमले को बेगम?"

चाचा पडद्याची झालर सारखी करत राहिले. "तब शरम आती थी."

बहिणीनं डोळे पुसले, त्यातल्या त्यात धड पान खुडलं आणि बशीतल्या ओल्या रेतीत खोचलं. बाकीचं झाड आठवड्यात गेलं.

परवा सकाळी चाचा आमच्या दारात आले, हातात सांज्याची वाटी. पानाच्या देठाशी कोंब फुटला होता.

"घ्या," ते म्हणाले. "बेगमनं पाठवलाय."