पत्त्यावर पोचणारी गोळी

सेतुमाधवराव भेटले की आधी तुमच्या मोठ्या आतड्याची चौकशी करत, मग तुमची. नव्वदच्या सुमारास आमच्या ह्यांच्या बँकेने आम्हाला कुंभकोणमला नेऊन टाकलं. शेजार मराठी मिळाला म्हणून मी लगेच नारळ फोडला. जरा घाईच झाली.

सेतुराव औषधशास्त्राचे निवृत्त मास्तर. घराणं मराठे राजांच्या काळात तिकडे गेलेलं, भाषाही तेव्हाचीच. "पोट दांडगा चोर गे! औषध वाटेंतच खातें. आंतड्यास काय पावतें? अय्यो, कांही नाहीं!" म्हणून ते हळदीच्या अर्काच्या गोळ्यांना गवारीच्या डिंकाचा लेप देत. लेप पोटात टिकायचा आणि मोठ्या आतड्यातल्या जंतूंनी तो खायचा, की औषध थेट पत्त्यावर. पुढे हीच गोळी धुळीच्या कणाएवढी करायचे बेतही होते. गोळी तपासायला आतडं म्हणून त्यांनी अंगणात शेणाचं पाणी ठेवलं होतं. पोट म्हणून काय वापरत, हे विचारायचं मला सुचलं नाही.

रोज दुपारी त्यांच्याकडून आम्हाला रसम येई. स्वतः करत, आणि काय करत! त्यांची बायको रुक्माक्का फारशी बाहेर दिसत नसे, पण नवरा गुणाचा, असं मी माहेरी सांगूनही बसले.

मग एकदा ह्यांच्या दाताखाली पिवळी गोळी आली.

मी पातेलं घेऊन तणतणत गेले. "काका, हे काय?"

"सांपडली!" ते हरखले. "विरली नाहीं ना? चिंचेचें आंबट पाणी, कोमट. पोट म्हणजे आणखी काय असतें गे?"

म्हणजे इतके दिवस आम्ही सेतुरावांचं ‘पोट’ ओरपत होतो!

"मग तुम्हीच खा ना तुमचं रसम!"

त्यांनी आत बोट दाखवलं. आत दोन ताटं होती, दोन्हींत मऊ भात आणि ताक. रुक्माक्कांच्या आतड्याला व्रण होते, कित्येक वर्षं आंबट-तिखट बंद.

"तीस सोसत नाहीं," सेतुराव म्हणाले. "ती खाईल तेव्हां मी."

"सांगून थकलें, ऐकत नाहींत," आतून रुक्माक्का म्हणाल्या.

माझा राग कुठल्या कुठे गेला. गोळ्या नीट काढून मग रसम पाठवा, एवढं बजावून मी परतले.

पुढे बऱ्याच दिवसांनी एका दुपारी रसम आलंच नाही. धावत गेले, तर रुक्माक्का रसमभाताचा एकेक घास खात होत्या. गोळीने गुण आला की डॉक्टरांच्या औषधाने, देव जाणे. सेतुरावांच्या ताटातही रसम होतं, पण ते नुसते रुक्माक्कांकडे बघत बसले होते.

मला पाहून ओशाळले. "आज तुम्हांस उरलें नाहीं गे."