छपरावरचे खासनीसकाका

खासनीसकाका स्कूटरवर कधी हेल्मेट घालत नसत. "डोक्याला वारा लागला पाहिजे," म्हणायचे. छपरावर चढताना मात्र तेच हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा आवळून, आणि कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक परसातल्या जांभळाला. लग्न होऊन मी सहकारनगरात आले त्याच आठवड्यात शेजारच्या कौलांवर हे ध्यान पाहिलं आणि सासूबाईंना म्हटलं, "अहो आई, चोर!" भाजी निवडता निवडता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "चोर कसला. अँटेना आहे."

काकांचं घर टेकडीच्या पायथ्याशी, टीव्हीचा मनोरा सिंहगडावर, आणि मध्ये ती टेकडी आडवी. त्यात घराला उभ्या उताराची मंगळुरी कौलं. काका सरकारी कारखान्यात फोरमन. घराचा नकाशा त्यांनी स्वतः काढलेला. काकूंना वाळवणासाठी गच्ची हवी होती. काका म्हणाले, घराला शोभा येते ती कौलांनी. वास्तुशांतीचं जेवण उरकल्यावर काकू म्हणाल्या, "आता त्या शोभेशीच बोला." आणि शब्द पाळला.

तेव्हापासून अबोला. आदळआपट नाही, रुसून माहेरी जाणं नाही, वरणभात वेळेवर. फक्त काकू तुळशीला सांगायच्या, "पानं वाढलीत म्हणावं." आणि काका पायरीवरच्या मांजराला, "बुधवार पेठेत जाऊन येतो म्हणावं." मांजर निरोप पोचवायचं की नाही कोण जाणे, पण संसार सुरळीत चालला होता.

अपवाद एकच, अँटेना. जरा वारा सुटला, एखादा कावळा टेकला, की चित्र गायब आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग काका वर आणि काकू खिडकीत.

"आलं का?"

"मुंग्या!"

"आता?"

"आलं, आलं... गेलं! अहो, डावीकडे!"

"माझ्या डावीकडे की सिंहगडाच्या?"

"सिंहगडाला कुठला आलाय डावा हात?"

हे अर्धा-पाऊण तास चालायचं. आख्ख्या गल्लीला तोंडपाठ होतं. काका शीळ घालत उतरायचे आणि त्या संध्याकाळी काकूंचं गुणगुणणं आमच्या ओट्यापर्यंत ऐकू यायचं. हयातभर कारखान्यात नटबोल्ट आवळलेल्या माणसाला छपरावरचा एक नट आवळता येऊ नये? मी एकदा विचारलंसुद्धा. "विज्ञान आहे ते, तुला नाही कळायचं," असं म्हणून काका स्कूटरला किक मारायला लागले. मी कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला होते. पण नाही कळायचं.

मग गल्लीत केबल आली. झाडाझाडांवरून काळ्या वायरी लोंबल्या, घराघरावरच्या अँटेना भंगारात गेल्या. काकांनी साफ नकार दिला. "वायरीतून आलेलं चित्र म्हणजे डब्यातला आमरस," म्हणाले. काकूंनीही, नेमकं याच बाबतीत, नवऱ्याला विरोध केला नाही.

श्रावणात एक कौल निसटलं. काका घसरत पन्हळीपर्यंत आले आणि दोराला लोंबकळत राहिले. गुडघ्यावर निभावलं. पण बातमी बंगलोरला त्यांच्या सॉफ्टवेअरवाल्या मुलापर्यंत गेली आणि त्याचा मला फोन आला. "वहिनी, केबल जोडून घ्या. आणि ती अँटेना उतरवायला लावा, प्लीज."

केबलवाला आला. "टेन्शन नाही काकू, फुल क्लिअर येणार," म्हणत त्यानं खिडकीतून वायर आत ओढली. काका शेवटचे वर चढले. तो एक नट सोडवायला त्यांना फार वेळ लागला.

"काढू का?" वरून आवाज आला.

खिडकीत काकू उभ्या होत्या.

अँटेना उतरली. काका तिला पोटाशी धरून अंगणात उभे राहिले, कुठे ठेवावी हे न सुचून. आत पडद्यावर बातम्या सांगणाऱ्या बाईच्या कुड्यांतले मोती मोजून घ्यावेत, इतकं स्वच्छ चित्र आलं होतं. आता ही दोघं बोलणार तरी कशावरून?

काकूंनी टीव्हीकडे पाहिलं, मग अंगणाकडे. खिडकीचे गज धरून म्हणाल्या, "अहो, काही दिसत नाहीये. आत येऊन बघा जरा."

"काकू, एकदम क्लिअर आहे की..." केबलवाला म्हणाला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

काका आत आले. पडद्याकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"हो की," ते म्हणाले. "अजिबात दिसत नाही."

"मग आता?"

"आता काय. इथं बसून लक्ष ठेवावं लागेल."

काकूंनी शेजारच्या खुर्चीवरचे धुतलेले कपडे उचलले, आणि काका बसले.